गोठणगावच्या ग्रामपंचायतीचा दाखला, ‘डोलमाबाई’ आणि सहा आठवड्यांची मुदत (बायकोमुलांना अमेरिकेत आणायच्या आय-७३० अर्जाबद्दल मदत हवी)

क्वीन्सकर | २ मार्च २०२३, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला राहतो. मागच्या हिवाळ्यात जॅक्सन हाइट्सला मोमोच्या गाडीपाशी उभा राहून आईशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तर गाडीवाला विचारतो, “महाराष्ट्राचे का जी तुम्ही?” चेहरा तिबेटी आणि बोली थेट झाडीपट्टीतली! हा गडी गोठणगावचा. जिल्हा गोंदिया, तालुका अर्जुनी मोरगाव, इटियाडोह धरणाजवळ. तिथे १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे हे मला, जन्माने महाराष्ट्रीय असूनही, त्या दिवशी कळलं.

थोडक्यात हकीकत: जन्म तिबेटातला. लहानपणी नेपाळमार्गे भारतात आला, गोठणगावला मावशीकडे वाढला. २०१२ मध्ये तिथेच लग्न, २०१४ मध्ये मुलगा. २०१६ मध्ये इकडे आला, वर्षाच्या आत असायलमचा, म्हणजे आश्रयाचा, अर्ज केला आणि १४ एप्रिल २०२१ ला तो मंजूर झाला. बायको आणि आता नऊ वर्षांचा झालेला मुलगा तिकडेच आहेत. शिवाय मेलेल्या बहिणीची मुलगी, वय १३. तिला तीन वर्षांची असल्यापासून याच्याच बायकोने वाढवलंय. ती हिलाच आई म्हणते.

कागदपत्रं करून देणाऱ्या एका माणसाने याच्याकडून बक्कळ पैसे घेतले आणि सांगितलं, “आधी तुझं ग्रीनकार्ड येऊ दे, मग बायकोचं बघू.” आता दुसरं कोणी म्हणतंय की मंजुरीपासून दोन वर्षांत अर्ज केला नाही तर संपलं. म्हणजे हातात सहा आठवडे. काल साडीच्या दुकानाची पिशवी भरून कागद घेऊन माझ्याकडे आला, कारण निम्मे कागद मराठीत आहेत.

प्रश्न:
- दोन वर्षांचं खरं आहे का?
- मराठी दाखल्याचं भाषांतर मी केलं तर चालेल, की नोटरी लागते?
- मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव ‘डोलमाबाई’ आहे. बायकोच्या सगळ्या कागदांवर नुसतं ‘डोलमा’. ग्रामसेवकाने आपल्या मनाने बाई लावलंय!
- भाचीचं नाव मुलाच्याच फॉर्मवर घालता येईल का?

झाडीपट्टी | ३ मार्च, सकाळी ७:०५

मी अर्जुनीचाच. वसाहतीतले लोक थंडीत नागपूरला स्वेटर विकायले जातात, आमच्या घरचे सगळे स्वेटर त्यांच्याकडचेच. ग्रामपंचायतीत काही काम असन तर सांगा जी, माझा चुलतभाऊ तिथंच असते.

अनघा_जर्सी | ३ मार्च, रात्री ९:१५

इमिग्रेशन वकिलाकडे ११ वर्षं पॅरालीगल (वकिलाची सहायक) आहे. वकील नाही, तेव्हा हा कायदेशीर सल्ला नाही वगैरे वगैरे. पण तुमच्या मित्राकडे वेळ नाही म्हणून सविस्तर लिहिते.

दोन वर्षांचं शंभर टक्के खरं. आय-७३० हा अर्ज दोन प्रकारच्या लोकांना करता येतो: परदेशातून निर्वासित म्हणून निवडून आणलेले आणि इथे पोचल्यावर असायलम मिळालेले. पहिल्यांचं घड्याळ अमेरिकेत पाय ठेवल्याच्या दिवसापासून, दुसऱ्यांचं मंजुरीच्या तारखेपासून. मानवतावादी कारणाने उशीर माफ होऊ शकतो, पण ती मेहेरबानी आहे, हक्क नाही. तिच्या भरवशावर राहू नका. अर्ज टपालात टाकल्याची तारीख धरत नाहीत, त्यांच्याकडे पोचल्याची धरतात. त्यामुळे १४ एप्रिल विसरा, ३१ मार्च धरा.

ग्रीनकार्डची वाट बघायला सांगणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. या अर्जाला ग्रीनकार्ड लागतच नाही. ग्रीनकार्ड आल्यावरही दोन वर्षांच्या आत असेल तर करता येतो. मात्र माणूस नागरिक झाला की हा अर्ज त्याच्यासाठी बंद, मग आय-१३०, म्हणजे कुटुंबासाठीचा नेहमीचा अर्ज. इथे सल्ला देण्याचा अधिकार फक्त वकिलांना आणि न्याय खात्याची मान्यता असलेल्या प्रतिनिधींना आहे. बाकीचे फॉर्म भरून देतात आणि कायदा शिकवल्याचे पैसे घेतात. असे कितीतरी बघितलेत.

आता आय-७३० चं खरं महत्त्व. याला फी नाही. आय-१३० ला लागतं तसं उत्पन्नाचं हमीपत्र लागत नाही, म्हणजे मोमोच्या गाडीवरची कमाई किती हे कोणी विचारणार नाही. आणि कोट्याची रांग नाही. प्रत्येक माणसाचा अर्ज मात्र वेगळा: बायकोचा एक, मुलाचा एक. बायकोच्या अर्जात मुलाचं नाव घातलं म्हणजे झालं असं समजून लोक एकच पाठवतात आणि मग पोराची मुदत निघून जाते.

यात कुटुंब म्हणजे कोण? नवरा किंवा बायको आणि एकवीसच्या आतली अविवाहित मुलं. बस. आई-वडील नाहीत, भाऊ-बहीण नाही, सासू नाही, आजी नाही. आणि ते नातं मंजुरीच्या दिवशी अस्तित्वात असायला हवं. लग्न त्याआधीचं हवं. मूल त्या दिवशी पोटात असलं तरी चालतं.

भाचीबद्दल लिहायला हात वळत नाहीये. कायदेशीर दत्तक घेतलेली नसेल तर ती या अर्जात बसत नाही. आज दत्तक घेतली तरी नाही, कारण मंजुरीच्या दिवशी ते नातं नव्हतं. दत्तक मुलांसाठी सोळाच्या आत दत्तक आणि दोन वर्षांचा ताबा व सहवास अशीही अट असते. पुढे ग्रीनकार्डधारक म्हणून दुसऱ्या अर्जाने काही करता येतं का, ते वकिलाला विचारा, आणि लवकर विचारा. फॉर्मवर मुलगी म्हणून तिचं नाव अजिबात लिहू नका. एका खोट्या नात्यापायी बायको आणि मुलगा दोघांचे अर्ज धोक्यात येतील.

भाषांतर: तुम्ही करू शकता. नोटरी लागत नाही. पूर्ण भाषांतर हवं, शिक्क्यावरची अक्षरंसुद्धा. खाली लिहायचं की मला मराठी आणि इंग्रजी दोन्ही येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे. नाव, सही, पत्ता, तारीख. आणि हो, ‘डोलमाबाई’ दिसतंय तर ‘डोलमाबाई’च लिहा. भाषांतरकाराने चूक दुरुस्त करायची नसते.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: त्याने असायलमच्या अर्जात, म्हणजे आय-५८९ मध्ये, बायको-मुलाची नावं लिहिली होती का?

क्वीन्सकर | ३ मार्च, रात्री १०:५०

दंडवत अनघाताई. आत्ता फोन करून विचारलं. दोघांची नावं लिहिली आहेत. भाचीचं नाही. “तिचा विचारच कोणी केला नाही जी,” म्हणाला. मग बराच वेळ गप्प होता.

स्पष्टबोलतो | ४ मार्च, सकाळी ८:२०

स्पष्टच बोलतो. आम्ही एच-वन-बी वर (नोकरीच्या व्हिसावर) तेरा वर्षं टॅक्स भरतोय, भारतीयांचा ग्रीनकार्डचा नंबर लागेपर्यंत पोरं एकवीसची होऊन बाहेर पडणार. आणि यांना फी नाही, उत्पन्न दाखवायचं नाही, रांग नाही. हा कुठला न्याय?

अनघा_जर्सी | ४ मार्च, दुपारी १२:१०

तुमची तक्रार खरी आहे, माझ्या नवऱ्याचीही तीच आहे. पण तुम्ही तेरा वर्षं बायकोमुलांसोबत काढलीत. हा माणूस २०१६ पासून मुलाला फोनच्या पडद्यावर बघतोय. रांगेची तुलना करायची तर तीही करा.

मावळातलापाऊस | ४ मार्च, दुपारी २:३०

+१. आणि उल्हासनगर कसं वसलं ते आमच्या शेजारच्या सिंधी काकांना विचारा एकदा. कल्याणच्या लष्करी छावणीत त्यांच्या घरच्यांनी बराकीत किती वर्षं काढली ते ऐकल्यावर ‘यांना सगळं फुकट’ हे वाक्य तोंडातून निघत नाही.

क्वीन्सकर | ५ मार्च, रात्री १०:३०

लग्नाच्या पुराव्यापाशी गाडी अडली. लग्न वसाहतीत झालं, खाता (मानाचं तिबेटी उपरणं) घालून, लामांच्या आशीर्वादाने, दोनशे लोक जेवले. पण नोंदणी नाही. त्याच्या ओळखीतला एक जण सुचवतोय की बायकोला भारतात कोर्ट मॅरेजची तारीख घ्यायला सांग, हा जाऊन येईल, ताजं सर्टिफिकेट मिळेल.

अनघा_जर्सी | ५ मार्च, रात्री ११:०५

थांबा!! नवीन लग्न नको. सर्टिफिकेटवर २०२३ ची तारीख आली की लग्न मंजुरीनंतरचं ठरतं आणि बायकोचा अर्ज तिथेच मरतो. झालेल्या लग्नाची उशिरा नोंदणी आणि नव्याने लग्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने जुन्या लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीतही होते, त्यात लग्नाची मूळ तारीख येते. पण नवरा-बायको दोघं समोर लागतात आणि हा क्वीन्सला. तेव्हा दुय्यम पुरावा द्या: वसाहतीच्या कार्यालयाचं पत्र, लग्नाला हजर असलेल्या दोघांची तरी प्रतिज्ञापत्रं (नुसतं “मी ओळखतो” नको, कुठे बसलो होतो, कोण कोण होतं, काय बघितलं ते), फोटो, पैसे पाठवल्याच्या पावत्या, फोनच्या नोंदी.

झाडीपट्टी | ११ मार्च, संध्याकाळी ६:४५

आज गोठणगावला जाऊन आलो. काम सांगतो.

ग्रामपंचायतीत जुनं रजिस्टर काढलं. २०१४ ची नोंद निळ्या शाईत, कोपऱ्यावर चहाचा डाग. आईच्या रकान्यात आधी ‘डोलमा’ लिहिलं आहे आणि मग दुसऱ्या पेनानं ‘बाई’ जोडलं आहे. जोडलेलं उघड दिसते. त्या वेळचे ग्रामसेवक बदलून गेले. आताचे म्हणाले, त्या काळी बाईमाणसाचं नाव नुसतं लिहिलं तर पंचायत समितीतून परत यायचं, म्हणून सरसकट बाई लावत. त्यांनी त्या पानाची साक्षांकित प्रत दिली.

शंभरच्या स्टॅम्पपेपरवर ‘डोलमा आणि डोलमाबाई ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र वहिनीच्या सहीनं केलं, अर्जुनीत नोटरी केली. लग्नात सैपाक करणारा आमच्याच गावचा आचारी निघाला! त्याचंही प्रतिज्ञापत्र केलं. कोणत्या दिवशी, किती भात, सगळं आठवते त्याले. वसाहतीच्या कार्यालयानं लेटरहेडवर पत्र दिलं.

ती भाची पोरगी चहा घेऊन आली होती. मला म्हणते, “काका, माझापण दाखला काढला का?” मी म्हटलं, पुढच्या खेपेला.

कागद कुरिअरनं निघाले.

क्वीन्सकर | ११ मार्च, रात्री ९:००

झाडीपट्टी, तुम्हाला काय म्हणू? तुम्ही याला ओळखतही नाही.

झाडीपट्टी | ११ मार्च, रात्री ९:३०

स्वेटर ओळखतो जी.

टोरांटोचीमावशी | १४ मार्च, सकाळी १०:२०

कॅनडात आहे, इथलं सांगते, कोणाला तरी उपयोगी पडेल. इथे संरक्षण मिळालेला माणूस आपल्या पीआरच्या (कायम वास्तव्याच्या) अर्जातच बायकोमुलांना घालू शकतो, ते परदेशात असले तरी. मुलांची मर्यादा २२ च्या आत. आणि बाहेरून निर्वासित म्हणून आणलेल्यांना मागे राहिलेल्या बायकोमुलांसाठी इथे पोचल्यापासून एक वर्षाची खिडकी असते. पण येण्याआधीच्या कागदांत त्यांची नावं सांगितलेली हवीत. जे नाव लपवलं किंवा विसरलं, त्या माणसाला पुढे कुटुंब म्हणून आणायचा रस्ता फार बिकट. आमच्या इमारतीतल्या एका बाईने भीतीपोटी पहिल्या लग्नाचा मुलगा सांगितला नव्हता. त्यानंतर तिने काय काय भोगलं ते मी जवळून पाहिलंय.

तुमच्या मित्राने आय-५८९ मध्ये नावं लिहिली, अर्धी लढाई तिथेच जिंकला.

फ्रांकफुर्टकर | १५ मार्च, दुपारी ३:४०

जर्मनीत याहून घाई. निर्वासित दर्जाचा निर्णय अंतिम झाल्यापासून तीन महिन्यांत कुटुंबासाठी अर्जाची सूचना नोंदवली तर उत्पन्न-घराच्या अटी नाहीत. चौथ्या महिन्यात गेलात की सगळ्या अटी लागू होऊ शकतात. अवांतर संपलं.

वाचनमात्र_नाही | १५ मार्च, रात्री ८:१५

प्रश्न: आमच्या ओळखीत एकाची मुलगी वीस वर्षांची आहे. अर्ज प्रलंबित असताना एकवीसची झाली तर?

अनघा_जर्सी | १५ मार्च, रात्री ९:४०

२००२ च्या एका कायद्याने मुलांचं वय गोठवतात. असायलमवाल्यांच्या बाबतीत आई किंवा वडिलांनी ज्या दिवशी आय-५८९ दाखल केला त्या दिवशीचं वय धरतात, अट एवढीच की त्या अर्जात मुलीचं नाव असावं. त्या दिवशी एकवीसच्या आत असेल तर नंतर चोवीसची झाली तरी चालते. पण लग्न झालेलं चालत नाही. “अर्ज टाकलाय ना, मग मुलीचं उरकून घेऊ” असं म्हणणारे पालक भेटलेत मला. त्यांना हात जोडून सांगा, मुलगी इथे पोचून तिला ग्रीनकार्ड मिळेपर्यंत थांबा.

क्वीन्सकर | २७ मार्च २०२३

दोन्ही अर्ज पोचले, पावती २४ मार्चची. मी भाषांतर केलेली एकूण नऊ पानं. ‘ग्रामसेवक’ला इंग्रजीत काय म्हणावं यावर अर्धा तास घालवला. शेवटी ग्रामसेवकच लिहिलं आणि खाली एका ओळीत अर्थ दिला.

वाचनमात्र_नाही | ९ जून २०२४

धागा वर काढतोय. पुढे काय झालं?

क्वीन्सकर | १० जून २०२४

मध्ये पुरावा मागणारं पत्र आलं. कशाबद्दल, ओळखा. डोलमाबाई! प्रतिज्ञापत्र पहिल्यांदाच जोडलं होतं, तरी विचारलंच. रजिस्टरच्या पानाची प्रत भाषांतरासह पुन्हा पाठवली, जोडलेल्या अक्षरांभोवती बाण काढून. शिवाय डीएनए करायचं का असा विचार चालू होता. अनघाताईंनी व्यनित (खासगी निरोपात) सांगितलं की आपणहून खासगी लॅबमध्ये करून काही उपयोग नाही. करायचीच तर एएबीबी या संस्थेची मान्यता असलेली लॅब लागते, आणि तिकडच्या माणसाचा नमुना दूतावासाच्या देखरेखीखालीच घेतला जातो. मग थांबलो. गेल्या आठवड्यात दोन्ही अर्ज मंजूर. आता फाइल भारतात जाणार.

स्पष्टबोलतो | १० जून २०२४

अभिनंदन. (माझा नंबर अजून नाही. असो.)

वाचनमात्र_नाही | ४ फेब्रुवारी २०२५

गेल्या महिन्यात अमेरिकेने निर्वासितांना आणणं थांबवल्याचं वाचलं. यांचं अडकणार का?

अनघा_जर्सी | ४ फेब्रुवारी २०२५

२० जानेवारीच्या आदेशाने निर्वासित पुनर्वसन कार्यक्रम थांबवलाय. बाहेरून निर्वासित म्हणून आलेल्यांच्या बायकोमुलांची रांग त्या कार्यक्रमातच येते, म्हणून त्यांना मोठा फटका. असायलम मिळालेल्यांच्या कुटुंबाची रांग त्याहून वेगळी आहे. फॉर्म एकच, आय-७३०, पण पुढे रुळ बदलतात. म्हणून तुमच्या ओळखीतल्या माणसाकडे नक्की कोणता दर्जा आहे ते आधी बघा. आमच्या ऑफिसात सध्या रोज पाच तरी फोन याच गोंधळाचे असतात.

क्वीन्सकर | १९ जुलै २०२५

उशिरा लिहितोय, माफी.

दिल्लीला मुलाखत झाली. वहिनी आणि मुलगा नागपूरहून रेल्वेने गेले. अधिकाऱ्याने वहिनींना विचारलं, लग्नात जेवायला काय होतं. म्हणजे आचाऱ्याचं प्रतिज्ञापत्र कोणीतरी वाचलं होतं! मेडिकल झालं. त्यानंतर भारतातून बाहेर पडायच्या परवान्याने दमवलं. बहुतेक तिबेटी लोकांकडे भारतीय पासपोर्ट नसतो, पिवळं ओळखप्रमाणपत्र असतं आणि परदेशी म्हणून नोंदणीचं आरसी पुस्तक. ते गोंदियाला एसपी ऑफिसात वेळच्या वेळी नूतनीकरण करून घेतलेलं होतं म्हणून निभावलं. ज्यांची घरची माणसं या रस्त्यात आहेत त्यांनी आरसीची तारीख आजच बघा.

गेल्या रविवारी जेएफकेला उतरले. मुलगा अकरा वर्षांचा आहे. बाप पुढे गेला तर आईच्या मागे लपला, आणि मग हळूच मराठीत मला विचारलं, “हेच का?” मी हो म्हटलं.

आल्याच्या दिवसापासून दोघांनाही असायलमचा दर्जा आहे, वहिनी काम करू शकतात, वर्षाने ग्रीनकार्डचा अर्ज. मात्र त्या पुढे स्वतः कोणासाठी आय-७३० भरू शकत नाहीत. तो हक्क मूळ असायलमवाल्यालाच.

भाची तिकडे मावशीआजीकडे आहे. पंधरा वर्षांची. वकिलाने दत्तकाचं सगळं तपासलं. ताबा, दोन वर्षं, वय, काहीच नीट जुळत नाही. वहिनी विमानतळावरून घरी येताना पहिला फोन तिला लावत होत्या, लागत नव्हता.

अनघा_जर्सी | १९ जुलै २०२५

वाचून डोळे भरले. भाचीसाठी एकच सुचवते: तिचे स्वतःचे कागद आत्तापासून स्वच्छ ठेवा. पुढे शिक्षणासाठी असो की कशासाठी, सगळीकडे तेच लागणार.

झाडीपट्टी | २१ जुलै २०२५, सकाळी ६:५०

काल गेलो होतो तिच्याकडे. जन्माची नोंदच नाही तिची, कधी झालीच नाही. वर्षापेक्षा जास्त उशीर म्हणजे आता दंडाधिकाऱ्याचा आदेश लागते, तहसीलमधून अर्ज आणला. दहावीत आहे. शाळेत नावामागे कोणीतरी मामाचं नाव बापाचं म्हणून लिहून ठेवलं आहे. बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी दुरुस्त करावं लागन, एकदा मार्कशीटवर छापलं की मग निस्तरत बसा. हेडमास्तरांची वेळ सोमवारची घेतली आहे. नावात बाई लावू नका म्हणून आधीच सांगून ठेवलं.